चार मिलिमीटरवर बावीस हजार टन

ज्याचा गाळा शेवटच्या मजल्यावर आहे, तो माणूस पहिल्या पावसात खिडकीबाहेर बघत नाही. तो छताकडे बघतो. माझा एक मित्र पुस्तकबांधणीचं काम करतो. अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीत त्याचा गाळा आहे आणि त्याच्यावर थेट गच्ची. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रात्री त्याच्याकडे शिवणीसाठी रचून ठेवलेले शाळेच्या पुस्तकांचे फर्मे भिजले. सकाळी आम्ही दोघं वर गेलो. काळीभोर डांबरी शीट पसरलेली, मधूनमधून साचलेल्या पाण्यात आभाळ दिसत होतं. भोक काही सापडेना. मित्र वैतागून म्हणाला, ‘‘एवढीशी तर शीट, तिच्यातून पाणी शिरतं तरी कुठून?’’ मी त्या दिवसापासून उलटाच प्रश्न घेऊन बसलो आहे. एवढीशी शीट, मग एरवी तिच्यातून पाणी शिरत नाही, ते कसं?

एवढीशी म्हणजे चार मिलिमीटर. वॉटरप्रूफिंगवाले जिला ‘एपीपी’ म्हणतात, ती डांबराची गुंडाळी १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब येते. जाडी तीन किंवा चार मिलिमीटर. डांबरात प्लॅस्टिकच्या जातीचा एक पदार्थ मिसळलेला असतो आणि पोटात पॉलिएस्टरचं जाळं. चौरस मीटरला वजन साधारण चार किलो.

हिशेब सोपा जावा म्हणून एक मोठी गच्ची घेऊ. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद. मॉल, मोठं रुग्णालय, कार्यालयांची इमारत. मुंबई-पुण्यात एवढ्या गच्चीचं आता नवल वाटत नाही. क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच एकरांचं रान. ही सगळी गच्ची आक्रसून ३० सेंटिमीटरची केली, तर तिच्यावरच्या शीटची जाडी उरेल मिलिमीटरचा सुमारे ऐंशीवा भाग. डब्यात पोळ्या गुंडाळायची जी चंदेरी फॉइल असते ना, साधारण तेवढी. तिचा एक चौकोनी तुकडा हातात धरून बघा. नखानं टोचलं तर फाटेल असा तो पापुद्रा, तेवढ्यावर सगळी इमारत निर्धास्त बसलेली असते.

आता त्याच्यावर काय पडतं ते बघू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेतल्या गणितासारखं हे सोपं आहे, पण गच्चीला लावलं की आकडे फुगत जातात. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. अडीच एकरांच्या आपल्या गच्चीवर ते होतात २ कोटी २० लाख लिटर, म्हणजे २२,००० टन. दहा हजार लिटरचे २,२०० टँकर दरवर्षी त्या शीटवर रिकामे केले असं समजा. शीटचं स्वतःचं वजन, जोडांसकट, ४५ टन. पंधरा पावसाळे ती टिकली तर तिच्या अंगावरून ३३ कोटी लिटर पाणी गेलेलं असतं.

मोहेंजोदडोचं महास्नानगृह आठवा. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी हौदाच्या भिंतींमागे डांबराचा थर दिला होता, जवळपास अडीच सेंटिमीटर जाडीचा. आपल्या शीटच्या सहापट. तो हौद काठोकाठ भरला तर त्यात दोन लाख लिटर पाणी मावतं. आपली गच्ची एका पावसाळ्यात असे ११० हौद झेलते. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा पुन्हा तपासून पाहिला, कारण खरा वाटेना.

आणि ही झाली सरासरी. २६ जुलै २००५ ज्यांनी अनुभवला त्यांना सरासरी सांगून उपयोग नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. त्या एका दिवसात उपनगरातल्या एक हेक्टर गच्चीवर ९४ लाख लिटर पाणी आलं. दुपारी सर्वांत जोर होता त्या एका तासात १९० मिलिमीटर. म्हणजे दर सेकंदाला ५२८ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सेकंदाला पस्तीस हंडे, आणि असं तासभर.

हे पाणी जातं कुठून, हा गच्चीचा खरा प्रश्न. शीट पाणी अडवते, पण ते घालवायचं काम तिचं नव्हे. ते उताराचं आणि पाइपांचं. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला, तर चार इंची पाइप सुमारे ८५ चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो, असं इमारतींच्या नियमांतलं कोष्टक सांगतं. आपल्या गच्चीला असे ११७ पाइप लागतात. (तो ८५चा आकडा जवळजवळ महास्नानगृहाच्या तळाएवढाच निघतो, योगायोग, पण मला फार आवडलेला.) त्यांतल्या एकाच पाइपच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी बसली, तर तशा पावसात दर तासाला साडेआठ हजार लिटर पाणी वाट शोधत हिंडू लागतं. आणि २६ जुलैसारखा १९०चा तास आला, तर सगळे पाइप स्वच्छ असूनही कागदी हिशेबानं निम्मं पाणी वर राहतं: चौरस मीटरला ९० किलो. जिथे माणसांची ये-जा नसते अशा छतासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला जेमतेम ७५ किलो भार धरलेला असतो. कठड्याला तळाजवळ जादा पाण्यासाठी भोकं ठेवतात ती म्हणूनच. ती भोकं ‘पाणी बाहेर ओघळून भिंत खराब होते’ म्हणून सिमेंटनं बुजवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि अशा गच्चीखाली झोपायला मला धीर होणार नाही.

उतार असावा शंभराला एक, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. तो कोब्यातच नीट काढलेला नसला तर वरून कितीही चांगली शीट चिकटवा, डबकं व्हायचंच. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही पाणी हललं नाही तर ते डबकं दोष म्हणून धरायचं, असा या धंद्यातला दंडक आहे. १०० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाणी, म्हणजे घोटाही बुडत नाही इतकं, भरतं अडीच टन. त्या वजनानं स्लॅब किंचित झुकतो, झुकला की खळगा वाढतो, खळगा वाढला की पाणी वाढतं.

पण मला विचाराल तर शीटचा मोठा वैरी पाऊस नाहीच. ऊन आहे.

मे महिन्यात दुपारी काळ्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, कारण तिचं अंग ७० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. रस्त्याचं साधं डांबर ५० अंशांच्या आगेमागे मऊ पडू लागतं. गच्चीवर नुसतं तेच अंथरलं असतं, तर मेमध्ये ते भिंतींवरून ओघळलं असतं. इथे एका टाकाऊ वस्तूनं हात दिला. इटलीच्या जूलिओ नात्तांनी १९५४ मध्ये पॉलिप्रोपिलीन घडवलं. १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. ते प्लॅस्टिक बनवताना एक चिकट, मेणचट, आकार न धरणारा भाग मागे उरायचा. त्याचं काय करायचं, हा कारखान्यांना प्रश्न होता. १९६०च्या दशकात इटलीत तो डांबरात कालवून बघितला गेला आणि डांबराची मऊ पडायची हद्द १४०-१५० अंशांवर गेली. एपीपी हे त्याच उरलेल्या भागाचं आद्याक्षरी नाव. आपण ज्याच्या भरवशावर झोपतो तो पदार्थ एके काळी कारखान्यातला गाळसाळ होता.

आपल्याकडे दिवसाला चौरस मीटरवर सरासरी पाच युनिट इतकं ऊन पडतं. अडीच एकरांवर ५०,००० युनिट. महिन्याला अडीचशे युनिट वापरणाऱ्या दोनशे घरांना महिनाभर पुरेल एवढी ऊर्जा रोज या गच्चीवर कोसळते, आणि काळं डांबर त्यातली नव्वद टक्क्यांच्या वर पिऊन टाकतं. अतिनील किरण डांबराला सुकवतात. ते ठिसूळ होतं, त्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. म्हणून चांगल्या शीटच्या वरच्या अंगावर बारीक दगडी कणी दाबलेली असते. चौरस मीटरला ही कणी किलोभर, आणि एकेक कण मिलिमीटरभराचा धरला तर सात लाखांच्या वर कण. सगळ्या गच्चीवर ७०० कोटींहून जास्त. पृथ्वीवरच्या माणसांची संख्या २०२२ मध्ये ८०० कोटींना पोहोचली. म्हणजे जवळजवळ माणशी एक कण. त्यातला प्रत्येक कण स्वतःखालच्या मिलिमीटरभर डांबरावर सावली धरून उभा असतो. पाइपच्या तोंडाशी वाळूसारखी ही कणी जमू लागली तर समजावं की गच्चीचं पांघरूण विरत चाललं आहे. कणी नसलेल्या शीटला चंदेरी किंवा पांढरा रंग द्यायचा तो याचसाठी, आणि काही वर्षांनी परत द्यायचा. नवा पांढरा थर उन्हातलं जवळपास ऐंशी टक्के माघारी पाठवतो.

आता फुग्याची गोष्ट, कारण सगळ्यांत थक्क करणारा आकडा तिथे आहे. शीट चिकटवताना खालचा कोबा थोडा ओला राहिला, चमचाभर ओल आणि थोडी हवा आत अडकली. रात्री २५ अंशांना त्या ओलीच्या वाफेचा दाब नगण्य असतो. दुपारी ७० अंशांना तो जवळपास दसपट होतो, शिवाय हवाही प्रसरण पावते. जागा तेवढीच राहिली तर दोन्ही मिळून वरच्या दिशेनं रेटा येतो चौरस मीटरला चार टनांच्या वर. आणि तो दाबून धरायला शीटचं वजन आहे चार किलो. एकास हजार. मग शीट उचलली जाते, फुगा येतो, जागा वाढल्यावर रेटा ओसरतो. संध्याकाळी गार झालं की आत ओढ निर्माण होते आणि एखाद्या सूक्ष्म फटीतून आणखी दमट हवा आत खेचली जाते. दुसऱ्या दिवशी फुगा थोडा मोठा. पंधरा वर्षांत हा श्वासोच्छ्वास ५,४७५ वेळा होतो. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाची सर येऊन गेल्यावर, ‘पाऊस डोक्यावर आलाय, उरका’ म्हणत ओल्या कोब्यावर शीट लावणं यासारखी घातक घाई नाही. काम करायचं तर डिसेंबर ते एप्रिल. कोबा खडखडीत वाळलेला, झाडलेला, त्यावर प्रायमरचा हात, आणि तो सुकल्यावर शीट.

आणि मग जोड.

शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर १० सेंटिमीटर चढवायच्या, टोकांना १५. एवढं जोडात गेल्यावर दहा चौरस मीटरची गुंडाळी पावणेनऊ चौरस मीटरांहून थोडंच जास्त झाकते. आपल्या गच्चीला १,१२८ गुंडाळ्या लागतात आणि त्यांच्या जोडांची लांबी भरते १२ किलोमीटरच्या वर. चर्चगेट ते दादर रुळांवरून १० किलोमीटर आहे. तेवढं अंतर, आणि वर दोन किलोमीटर, एक माणूस गॅसची बत्ती घेऊन, मागे मागे सरकत, वाकून, वितळवत आणि दाबत जातो. दोन थर द्यायचे असले तर येण्याजाण्याचं अंतर होतं. ज्वाला कमी पडली तर जोड नुसता चिकटल्यासारखा दिसतो. जास्त झाली तर पोटातलं पॉलिएस्टर २५०-२६० अंशांना वितळतं आणि शीटमधली ताकदच जाते. या दोहोंमधली हद्द तो कशानं ओळखतो? खालच्या पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावरून. तो आक्रसून जळतो आणि डांबर ओलं चकाकतं, तेव्हा पट्टी पुढे लोटायची. नीट बसलेल्या जोडातून कडेला पाच-दहा मिलिमीटरचा काळा ओघळ सलग बाहेर येतो. तो ओघळ ही त्या कारागिराची सही. मी आता कुठल्याही गच्चीवर गेलो की आधी ती बघतो.

समजा त्यानं शंभरात ९९.९९ इतकं अचूक काम केलं. कुठल्याही परीक्षेत याला पैकीच्या पैकीच म्हणतील. तरी १२ किलोमीटरांतला सव्वा मीटर जोड कच्चा राहतो. आणि पाण्याला सव्वा मीटर लागत नाही. एक चौरस मिलिमीटरचं भोक, त्याच्यावर २५ मिलिमीटरचं डबकं, खाली वाट मोकळी: दिवसाला ३६ लिटर आत. दोन-अडीच हंडे, सुईच्या टोकातून. शिवाय ते सरळ खाली उतरत नाही. शीट आणि कोबा यांच्यामध्ये पसरतं, कोब्याच्या उतारानं जातं, आणि स्लॅबमधली चीर सापडेल तिथे ठिपकतं. ठिपका या टेबलावर, भोक वीस फुटांवर. तोवर सळ्यांना ओल लागलेली असते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, आणि छताचे पापुद्रे खाली यायला लागतात.

भिंतीशी आणि पाइपांशी शीट काटकोनात वळवता येत नाही, मोडते. म्हणून कोपऱ्यात आधी सिमेंटचा गोलसर वाटा मारून घ्यायचा आणि शीट निदान १५ सेंटिमीटर वर चढवायची. ४५ मीटरांहून लांब इमारतीत स्लॅबला सांधा सोडतात; तापमान २० अंशांनी बदललं तर ४५ मीटरचा खंड ९ मिलिमीटरनं लांबतो-आखडतो, शीटच्या जाडीच्या दुप्पट. त्या सांध्यावर शीटला सैल वळसा दिला नसेल तर ती फाटतेच. वाऱ्याचं म्हणाल तर मुंबईसाठी मानकात मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलो होतो, आणि कडा-कोपऱ्यांत वर खेचणारी ओढ याहूनही मोठी. चार किलोची शीट टिकते ती चिकटलेली असते म्हणून. सुटलेली कड म्हणजे वाऱ्याच्या हातात दिलेलं टोक.

एवढं सगळं जी सोसते, ती शीट माणसांपुढे हरते. उन्हानं मऊ झालेल्या डांबरावर खडीचा एक टोकदार खडा पडलेला असतो. सत्तर किलोच्या माणसाचा बूट त्यावर पडतो, टोक दहा चौरस मिलिमीटरचं, की चौरस सेंटिमीटरला ७०० किलोचा भार. एसीचं बाहेरचं यंत्र लोखंडी पायांवर थेट शीटवर ठेवतात. खाली फरशीचा तुकडा आणि रबर टाकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. जनरेटरचं डिझेल आणि उपाहारगृहाच्या धुराड्यातून येणारं तेल डांबराला विरघळवतं, कारण दोघं एकाच खनिज तेलाच्या गोतावळ्यातले. कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी जोडात रुजतं. रोप चार पानांचं आहे तोवर उपटा, हातभर झालं की मुळांसकट जोड वर येतो. आणि डिश, केबल, जाहिरातीचा फलक, सौर पॅनेल बसवणारे येतात ते ड्रिल घेऊनच. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की पायाखाली काय आहे. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाकडे, हा उपाय कुठल्याही रसायनापेक्षा मला मोठा वाटतो.

बाकी उरते पायपीट. अडीच एकरांची गच्ची मीटर-मीटरच्या पट्ट्यांनी पायी तपासली तर चालणं होतं दहा किलोमीटर. जोडांवर नजर ठेवत सावकाश चाललं तर पाच तास. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा: पंधरा वर्षांत १५० तास. एका बाजूला ३३ कोटी लिटर आणि दुसऱ्या बाजूला हे दीडशे तास, ज्यासाठी व्यवस्थापन समित्यांना सवड होत नाही. ११७ पाइपांच्या तोंडांवर जाळी आहे का, फुगे आले आहेत का, कडा सुटल्या आहेत का, पूर्वीची ठिगळं धरून आहेत का. एवढंच बघायचं असतं.

मित्राच्या गच्चीवर त्या सकाळी आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही कोरड्या भागात भेगा शोधत फिरत होतो. वसाहतीतला म्हातारा प्लंबर वर आला, त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही. पँट दुमडून सरळ डबक्यात उतरला, कोपरापर्यंत हात घालून चाचपडला आणि चिखलानं माखलेली दुधाची पिशवी ओढून काढली. घशातून आल्यासारखा आवाज झाला, पाण्याला भोवरा पडला. आम्ही तिघं काठावर उभे राहून पाणी उतरताना बघत होतो. मिलिमीटर मिलिमीटरनं काळी शीट वर येत गेली, आणि डबक्याच्या मध्यावर, कधीचाच काढून नेलेला डिशचा खांब जिथे उभा होता तिथे, चार स्क्रूंची गंजलेली डोकी उघडी पडली.